वाघ राइट टाइम, आपण लेट

दिवाळीत सहलीला जायचं असेल तर भाऊबीजेच्या आधी निघून जावं. भाऊबीज उलटली की सहल तुमची राहत नाही. आत्या येतात, आत्यांबरोबर सुना येतात, सुनांबरोबर नातवंडं येतात, आणि ओवाळणीचं ताट खाली ठेवल्यावर अर्ध्या तासात एखादं नातवंड विचारतं, "आता काय करायचं?" बोदवडला या प्रश्नाचं उत्तर फार मोठं नाही. शिरसाळ्याच्या मारुतीचं दर्शन एका सकाळीत आटोपतं. मग उरतो तो खळ्यावरचा मका आणि कापूस वेचायला बाया मिळत नाहीत ही चर्चा. मक्यावर पोरं दोन तास खेळतात, चर्चा मात्र मोठी माणसं संक्रांतीपर्यंत खेचू शकतात.

आमचा बेत चार माणसांचा होता. मी, बायको, दोन पोरं, छोटी गाडी, चिखलदऱ्याला एक मुक्काम आणि सेमाडोहहून जंगल सफारी. तो धाकट्या आत्याच्या कानावर गेला. तिने फक्त एवढंच विचारलं, "आम्ही काही परके आहोत का?" या प्रश्नाला खान्देशात आजवर कोणी 'हो' म्हटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात क्रूझर उभी होती. वऱ्हाडाला लावतात तीच, मागच्या काचेवर आधीच्या लग्नातल्या नवरा-नवरीची नावं तशीच चिकटलेली.

मोठ्या आत्याला मात्र मूळ कल्पनाच पटली नव्हती. ती सावद्याची. केळीच्या बागेत आयुष्य गेलेलं, त्यामुळे झाडं पाहायला कुठे जायचं असतं हे तिला माहीत नाही. "माय वो, वाघ पाहाले पैसे देऊन जातेत का कोणी?" असं ती दर पाऊण तासाने म्हणत होती आणि मधल्या वेळात दशम्या बांधत होती.

प्रवासाचं नेतृत्व अर्थातच नानांकडे गेलं. नाना म्हणजे माझे थोरले काका, भुसावळ विभागातून मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले. 2022 साली रेल्वेने गार्डचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं. नाना तेव्हा घरी बसलेले होते. नोकरीत न मिळालेली ही पदवी ते आता कुटुंबात वापरतात.

पहिला वाद रस्त्याचा. बोदवडहून मेळघाटात जायचे दोन मार्ग. एक उत्तरेचा : मुक्ताईनगर, बऱ्हाणपूर, धारणी. दुसरा दक्षिणेचा : मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोट, परतवाडा. मोबाईलमधला नकाशा दोन्हींचे तास आणि किलोमीटर दाखवत होता, पण त्याला कोणी विचारलं नाही. कारण बऱ्हाणपूरच्या रस्त्याला मावा जिलबी लागते आणि शेगावच्या रस्त्याला कचोरी. नानांचं मत कचोरीला होतं, कारण शेगावची कचोरी रेल्वे स्टेशनवर मोठी झाली, सबब ती खात्यातली. जिलबीच्या बाजूने पोरं आणि सुना होत्या. शेवटी जाताना कचोरी, येताना जिलबी असा तह झाला. मेळघाट या दोन पदार्थांच्या मधे पडतो, ही त्याची भौगोलिक सोय.

सुटायची वेळ पाच दहा. पाच वाजता नव्हे, सव्वापाच वाजता नव्हे. नाना चार पन्नासला गाडीपाशी मनगटी घड्याळ लावून उभे होते. पाच दहाला त्यांच्याशिवाय तिथे फक्त ड्रायव्हर होता आणि तोही गाडी उघडून परत चहाला गेलेला. सातच्या पुढे गाडी हलली. उशिराची कारणं नानांनी नंतर प्रत्येकाला वेगवेगळी ऐकवली, पण मुख्य कारण टपावर होतं. धाकट्या आत्याचे यजमान म्हणजे आमचे मामाजी, यांनी रात्रीतून पाच किलो भरिताची वांगी आणवली होती. बामणोदची, हिरवी, हातभर लांब. वांगी आली म्हणून ती कुटायची लाकडी बडजी आली, मुसळ आलं, आणि वांगी गॅसवर भाजायची नसतात म्हणून गेल्या सालच्या तुऱ्हाट्यांची एक मोळी आली. "जंगलात नदीकाठी बसून भरीत-पुरी करायची," मामाजी म्हणाले. आम्ही सागाच्या जंगलात जात होतो आणि टपावर बोदवडहून लाकडं नेत होतो.

मलकापूरला मोठा रस्ता लागला. सरकारने त्याचा नंबर बदलून 53 केला त्याला बरीच वर्षं झाली. नाना त्याला अजून सहा नंबरच म्हणतात. नांदुऱ्याला रस्त्याच्या कडेला 105 फुटी हनुमान उभा आहे. गाडी न थांबवता खिडकीतून नमस्कार करावा असा नानांचा प्रस्ताव होता. मोठ्या आत्याने तो फेटाळला. एवढा मोठा देव एवढ्या लांबून दिसतो, तर त्यालाही आपण तेवढ्याच लांबून दिसत असणार, न थांबता गेलो हे त्याला कळेल, असं तिचं म्हणणं. थांबलो. नारळ फुटला. "हा हॉल्ट टाइमटेबलात नव्हता," एवढं नोंदवून नाना गाडीत बसले.

शेगावला गजानन महाराजांचं दर्शन झालं, कचोरी झाली, आणि परतवाड्यापर्यंतचा सपाट वऱ्हाड आम्ही झोपेत पार केला. अकोटच्या केळी आणि संत्री डुलक्यांच्या फटीतून दिसली. "सावद्यासारखं नाही," एवढं बोलून मोठ्या आत्याने अख्खा तालुका निकालात काढला.

परतवाडा सोडलं की घाट सुरू होतो आणि घाटाबरोबर आमच्याकडचं वैद्यकशास्त्र. सगळ्यांना एकदम उपाय आठवले. कोणी आवळासुपारी काढली, कोणी अर्धं लिंबू हुंगायला दिलं, कोणी पोरांच्या सदऱ्यात पोटाला वर्तमानपत्र लावलं. वर्तमानपत्राने ओकारी थांबते हे शास्त्र कुठल्या पेपरला लागू आहे यावरही मतभेद झाले. मामाजींच्या मते संपादकीयाचं पान आत ठेवू नये. तिसऱ्या वळणावर पहिला पोरगा गेला, चौथ्याला त्याच्याकडे पाहून दुसरा. क्रूझर पहिल्या गिअरमध्ये कण्हायला लागली तेव्हा नाना म्हणाले, "कसारा घाटात आम्ही मागून ढकलायला बँकर इंजिन लावतो. इथं सोय नाही." मग सोय म्हणून मामाजी आणि तरुण मंडळी खाली उतरून चालू लागली. वांगी मात्र वरच बसून होती.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटरवर आहे. 1823 साली कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ते 'सापडलं' असं लिहितात. तिथे आधीपासून राहणाऱ्या कोरकूंना आणि गवळ्यांना ते हरवल्याचं माहीत नव्हतं. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं आणि कुंडात हात धुतले, ती भीमकुंडाची गोष्ट तर रॉबिन्सनच्या कितीतरी आधीची. आम्ही भीमकुंड पाहिलं. मोठी आत्या कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत होती. "एवढं मारल्यावर हात धुवायला एवढ्या खाली कोण उतरंल?" असं ती शेवटी म्हणाली. गाइडकडे उत्तर नव्हतं.

जवळच गाविलगड. 15 डिसेंबर 1803 ला आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. किल्ल्याच्या उत्तर बाजूला तोफा पोचवायला त्याच्या माणसांनी डोंगरातून रस्ता तोडत त्या ओढून नेल्या. नानांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली : "तोफेला बँकर कोण होतं?" त्याचीच माणसं, असं सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं. इतिहासाकडे असं ऑपरेटिंगच्या नजरेने पाहणारा माणूस शाळेत इतिहास शिकवायला असता तर माझे गुण वाढले असते.

महाराष्ट्रात कॉफी पिकते ती चिखलदऱ्याला. मुद्दाम एका टपरीवर सगळ्यांना घेऊन गेलो, झाडं दाखवली, दाणे दाखवले, इतिहास सांगितला. धाकट्या आत्याने कौतुकाने ऐकलं आणि टपरीवाल्याला विचारलं, "मग चहा मिळेल ना?" बारा चहा झाले.

आता मुख्य गोष्ट. 1973 मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. त्याच्या पोटात गुगामल राष्ट्रीय उद्यान, 361 चौरस किलोमीटरचं. हे आकडे ऐकून लोकांना वाटतं की वाघ दिसणारच. ताडोब्याला दिसतो. ताडोब्याला जमीन त्यामानाने सपाट, तळी ठरलेली, वाघ रस्त्यावर येऊन फोटोला उभे राहतात. मेळघाट म्हणजे डोंगरावर डोंगर, मधे खोल दऱ्या, त्यांत सिपना, खापरा, गडगा अशा नद्या आणि सगळीकडे साग. दिवाळीच्या सुमाराला गवत पुरुषभर उंच. या जंगलात वाघाला नसायला इतक्या जागा आहेत की दिसला तर तो त्याचाच हलगर्जीपणा समजावा.

सेमाडोहला फाटकावर वनरक्षकाने गाडीभोवती एक चक्कर मारली.

"वर काय बांधलंय?"

"तुऱ्हाट्या," मामाजी म्हणाले.

"कशाला?"

"भरिताले."

वनरक्षकाने टपाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. त्याच्या नोकरीत लोक जंगलातून लाकूड बाहेर नेताना सापडत आले होते. आत आणणारे त्याला पहिल्यांदाच भेटत असावेत, कारण काय गुन्हा लावावा हे त्याला सुचेना. शेवटी त्याने साधं सांगितलं : जंगलात आगपेटीसुद्धा चालत नाही, चूल तर सोडाच. वणव्याने इथं किती नुकसान होतं तुम्हाला माहीत नाही.

मामाजी युक्तिवाद करणार होते. पण नाना आडवे आले, आणि वनरक्षकाच्या बाजूने. "बरोबर बोलू ऱ्हायला तो. ज्वलनशील माल आहे. आमच्याकडे असा माल पॅसेंजरबरोबर चढवला असता तर माझी चौकशी लागली असती." घरच्यांविरुद्ध सरकारची बाजू घेताना नानांचा चेहरा जितका उजळला, तितका पूर्ण सहलीत पुन्हा उजळला नाही. मोळी फाटकावर जमा झाली. नानांनी तिची रजिस्टरात नोंद करून घेतली : 'तुऱ्हाट्या, मोळी 1'. वांग्यांवर आक्षेप नव्हता. वांगी क्रूझरमध्ये राहिली, आम्ही दोन जिप्सींत विभागलो.

जिप्सीत बसताना गाइडने तीन गोष्टी सांगितल्या. उतरायचं नाही, काही फेकायचं नाही, बोलायचं नाही. पहिल्या दोन आम्ही पाळल्या. तिसरी आमच्या प्रकृतीला झेपणारी नव्हती. आमच्याकडे एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलायची सवय. मोठ्या आत्याची कुजबुज सेमाडोहच्या खोऱ्यात आरामात ऐकू जाते. त्यात चिवड्याची पिशवी. जंगलात सांबराच्या इशाऱ्याचा आवाज मैलभर जातो म्हणतात. चिवड्याच्या प्लास्टिकचा त्याहून पुढे जात असावा.

तरीही दिसायचं ते दिसलं. एका वळणावर गवा उभा होता. काळाभोर, खांद्यापाशी माणसाच्या उंचीचा, चारी पायांत पांढरे मोजे. गाइडने हात वर करून गाडी थांबवली. सगळे गप्प झाले. वजन टनाच्या घरात जातं, गाइड हळूच म्हणाला. मोठ्या आत्याने आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या कुजबुजीत विचारलं, "दूध किती देत असंल?" हा नर आहे, असं गाइड म्हणाला. तिचा रस संपला.

थोडं पुढे मातीत वाघाचे पंजे. ताजे. गाइड खाली वाकून बघत म्हणाला, "आत्ताच गेला." जंगलात वाघ नेहमी आत्ताच गेलेला असतो. वाघ दहा मिनिटांनी येणार आहे, असं कुठल्याही गाइडने कधी सांगितलेलं नाही. नानांनी घड्याळ पाहिलं. "वाघ राइट टाइम सुटला. आपण लेट. पाच दहाला बोदवड सोडलं असतं तर..." ते वाक्य पूर्ण करायची त्यांना गरज पडली नाही. चिखलदऱ्याला मुक्काम झालाय, मधे एक अख्खी रात्र गेलीय, हे कोणी बोललं नाही.

तसा नानांचा वाघावर जुना राग आहे. अकोला-खांडवा मीटरगेज लाइन याच मेळघाटातून जायची. धुळघाटाला चढ इतका की रूळ स्वतःभोवती वेटोळं घालून वर येत. नाना त्या लाइनवर कधी नोकरीला नव्हते, पण फुकट पासावर खास ते वेटोळं बघायला गेले होते. 2017 साली अकोट ते खांडवा गाड्या बंद झाल्या. ब्रॉडगेज वाघाच्या घरातून न्यायची की बाहेरून, यावर वाद झाले आणि बाहेरून वळसा घ्यायचं ठरलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. नानांना वाटत नाही. पंजाकडे बघत ते म्हणाले, "याच्यापायी आमची लाइन गेली, आणि हा दर्शनही देत नाही."

परतीच्या वाटेवर गाइडने अचानक जिप्सी थांबवली आणि एका वठलेल्या सागाकडे बोट केलं. उघड्या फांदीवर, भर उन्हात, मुठीएवढा गोल पक्षी बसलेला. रानपिंगळा! मी जागेवरून उठलोच. ही खरी दुर्मिळ गोष्ट. 1873 साली अ‍ॅलन ह्यूमने, म्हणजे काँग्रेस स्थापणाऱ्या ह्यूमनेच, याची शास्त्रीय नोंद केली. 1884 नंतर याचा खात्रीलायक पत्ता नाही. तब्बल 113 वर्षं हा पक्षी नामशेष झाला असंच धरून चालले होते. आणि 1997 च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो पुन्हा सापडला. कुठे? आपल्या खान्देशात, शहाद्याजवळ! मी हे सगळं एका दमात सांगितलं.

"पिंगळा?" धाकटी आत्या म्हणाली. "आमच्या गोठ्याच्या आढ्यावर रोज बसतो की."

तो वेगळा, मी म्हटलं. त्याच्या डोक्यावर ठिपके असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीत. तो तिन्हीसांजेला निघतो, हा दिवसा शिकार करतो. पोटाचा पांढरा रंग बघ, शेपटीचे पट्टे बघ. आत्याने पाहिलं. "तोच आहे," ती म्हणाली.

मी हरलो नाही. मधली गंमत सांगितली. रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाचा एक इंग्रज कर्नल होता. त्याने लंडनच्या संग्रहालयातून या पिंगळ्याचा नमुना चोरला, आणि 1914 साली आपणच गुजरातेत मांडवीला तो मिळवला अशी खोटी चिठ्ठी लावली. त्या चिठ्ठीवर विसंबून लोक वर्षानुवर्षं भलत्याच ठिकाणी पक्षी शोधत राहिले. चोरलेला मूळ नमुना होता आपल्या खान्देशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने गोळा केलेला. म्हणजे माल खान्देशचा आणि बिल्टी गुजरातची.

बिल्टी म्हटल्यावर नाना जागे झाले. "चुकीचं लेबल लावून माल फिरवला? मग क्लेम कोणी केला?" हा प्रश्न पक्षिशास्त्रात आजवर कोणी विचारला नसेल. थोडा विचार करून त्यांनी आणखी एक विचारला : "आणि 113 वर्षं तो शहाद्याला बसलेला होता, तर शहादेकर काय करू ऱ्हायले होते?" गाइड हसला. कोरकू पोरगा, याच जंगलात वाढलेला. म्हणाला, "साहब, पक्षी हरवला नव्हता. बघणारे हरवले होते." पूर्ण सफारीत एवढं शहाणं वाक्य दुसरं झालं नाही. त्या वेळी आम्ही मात्र चिवड्याची पिशवी कोणाकडे गेली ते शोधत होतो.

दुपारी मोळी सही करून परत मिळाली आणि आम्ही धारणीच्या रस्त्याला लागलो. हरिसालला गाडी शिरली तसे सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजू लागले. जंगलात दीड दिवस अडकलेले निरोप तिथे उतरले. 2016 साली या गावाला देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहीर केलं होतं, त्याची प्रचिती आम्हाला अशी आली : मामाजींना कापूस वेचायला बाया मिळाल्याचा निरोप आला, त्यापाठोपाठ त्या परत गेल्याचा.

भरीत झालं ते धारणीच्या पुढे एका ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत. मालक आधी संशयाने बघत होता. तुऱ्हाट्यांच्या जाळावर वांग्यांच्या साली काळ्या पडून फुटायला लागल्या, ओला लसूण आणि हिरव्या मिरच्या बडजीत पडल्या, मुसळाचा ठोका सुरू झाला, तसा तो स्वतःची खाट घेऊन जवळ आला. पुऱ्या त्याच्या भटारखान्यात तळल्या. पैसे त्याने फक्त तेलाचे आणि कांद्याचे घेतले. घरी गेल्यावर "सहल कशी झाली?" याला जे उत्तर सगळ्यांनी दिलं, ते हेच भरीत होतं. गवा कोणी सांगितला नाही. पिंगळा तर मीही सांगितला नाही.

बऱ्हाणपूरला मावा जिलबी रात्री उशिरा मिळाली. गरम होती, काळसर, जाड, आणि दुसऱ्या तुकड्याला माणूस शरण जाईल अशी. पोरांनी तीनतीन खाल्ल्या आणि इच्छापूरच्या देवीपर्यंत त्याचा निकालही लावला. या रस्त्याला घाट नसल्यामुळे वर्तमानपत्र कोणी बांधलं नव्हतं.

मुक्ताईनगरला टपरीवर चहा घेताना तिथल्या एकाने विचारलं, कठी जाऊन आले? मेळघाटात, वाघ पाहायला, म्हटलं. दिसला का? नाही. तो सहज म्हणाला, "मग तिकडी कशाले गेले? आमच्या डोलारखेड्याकडच्या केळीत ऱ्हातो तो." मोठ्या आत्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. तिला बोलायची गरजही नव्हती. केळीच्या बागा तिच्या, वाघही तिचाच निघाला.

टपरीवरची ही थाप नाही. मुक्ताईनगर तालुक्यातल्या डोलारखेडा, चारठाणा, वढोदा या पट्ट्यात वाघांचा वावर वनखात्याने नोंदवला आहे, आणि त्यासाठी तिथे मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र केलं आहे. मेळघाटाकडून अंबाबरव्यामार्गे यावलच्या दिशेने जाणारी वाघांची ही वाट. केळीच्या बागेत बारमाही पाणी, गारवा आणि दाट आडोसा, त्यामुळे उन्हाळ्यात त्याला ती मानवते.

तेव्हा बोदवडकरांनो, वाघ तुमच्या शेजारच्या तालुक्यात आहे. पण तिथे जिप्सी नाही, गाइड नाही आणि फाटकावर मोळी जमा करून घेणारा कोणी नाही. घड कापायला जाणाऱ्या मजुरांना तो दिसतो, त्यात त्यांना मजा येत नाही. कृपा करून त्याला बघायला म्हणून केळीत शिरू नका. वाघ बघायचा असेल तर ताडोब्याला जा, आणि भाऊबीजेच्या आधी जा.